हायड्रेशन बॅग निवडताना: आधी घाम मोजा, मग पाठ, बॅग सगळ्यात शेवटी

सायकल चालवताना पाठीवरच्या पिशवीतलं पाणी नळीने पिता यावं म्हणून घेतात ती हायड्रेशन बॅग. ती घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दोन लिटरची दाखवू की तीनची?’ गिऱ्हाइकाला सोलापूरचं ऊन आठवतं आणि ते तीनची उचलतं. महिनाभरात ती बॅग खुंटीला लागते. कारणं तीच ती. खांदे ओढतात, पाणी डचमळतं, मान वर केली की हेल्मेट मागे अडकतं, नळीला वास मारतो. बहुतेक वेळा बॅगेत खोट नसते, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. बॅग आधी घेतली जाते, पाणी किती लागतं ते नंतर कळतं आणि पाठीचं माप तर कोणी घेतच नाही.

खाली दिलेला क्रम आहे तसाच पाळा. पहिल्या तीन टप्प्यांत एक रुपयाही खर्च होत नाही आणि तिसऱ्या टप्प्यानंतर काही जणांना कळेल की आपल्याला बॅगेची गरजच नाही.

शब्दांचं आधीच स्पष्ट करून घेऊ. बाजारात सरसकट ‘कॅमलबॅक’ म्हणतात, पण ते एका कंपनीचं नाव आहे. आतली पाण्याची पिशवी म्हणजे ब्लॅडर, आणि नळीचं तोंडात धरायचं टोक म्हणजे बाइट व्हॉल्व्ह.

## पूर्वतयारी

एवढ्या गोष्टी जमवा:

- १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा. सुई असलेला जुना काटा इथे चालत नाही.
- मापाच्या खुणा असलेली पाण्याची बाटली.
- शिंप्याची टेप, आणि माप घ्यायला घरातलं कोणीतरी. स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही.
- तुमचं रोजचं हेल्मेट.
- राइडला न्यायचं सगळं सामान, एका टॉवेलवर मांडून. ‘एवढंच तर असतं’ असं मनात धरू नका, प्रत्यक्ष मांडा.
- मिठाच्या एक-एक किलोच्या दोन सीलबंद पुड्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बॅग घरी मागवून पाहणार असाल तर पाणी न भरता, म्हणजे परत करायचा हक्क न गमावता, वजनाची चाचणी या पुड्यांवर होते.

## टप्पा १ : तासाला किती घाम जातो ते मोजा

‘मला जरा जास्तच घाम येतो’ हे माप नव्हे. नेहमीच्या वेगाने बरोबर एक तास सायकल चालवायची आणि पुढचा हिशेब करायचा:

१. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या.
२. सोबत मोजून पाणी घ्या.
३. परतल्यावर घाम नीट पुसा, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन घ्या. घामाने भिजलेली जर्सी अंगात ठेवून घेतलेलं वजन खोटं असतं, कारण गेलेला घाम कपड्यात बसून काट्यावर आलेला असतो.
४. वजनातली घट (किलो) आणि प्यालेलं पाणी (लिटर) यांची बेरीज करा. तोच तासाचा घाम.

उदाहरणार्थ, आधी ७२.० किलो, नंतर ७१.४, आणि वाटेत अर्धा लिटर प्यालात. घट ०.६, त्यात ०.५ मिळवा. घाम १.१ लिटर. मध्ये लघवीला गेला असाल तर ते मोजमाप सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

हे दोनदा मोजायचं, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात. डिसेंबरच्या सकाळचा आकडा घेऊन एप्रिलची बॅग निवडली तर ती अपुरीच पडणार. मात्र उन्हाळ्याचं माप भल्या पहाटे निघूनच घ्या. चाळिशीपार पाऱ्यात दुपारी घाम मोजायला बाहेर पडणं हा शहाणपणा नव्हे.

गेला तेवढा सगळा घाम वाटेतच भरून काढायची गरज नसते. पाऊण भाग पुरतो. वरच्या उदाहरणात तासाला साधारण ८०० मिली झाले. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त तूट पडू नये, एवढं सांभाळायचं. ७२ किलोच्या माणसाला ही मर्यादा सुमारे १.४ किलो येते.

तपासा: राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. नुसतं पाणी बेसुमार पिण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. ती तहानेच्या लक्षणांसारखीच वाटतात, म्हणून माणूस आणखी पितो आणि आणखी बिघडवून घेतो.

## टप्पा २ : वाटेवर पाणी कुठे मिळत नाही ते शोधा

एकूण किलोमीटरवरून ब्लॅडर ठरवू नका. पाण्याविना जाणारा सगळ्यात लांब पट्टा किती तासांचा आहे, त्यावरून ठरवा.

सोलापूरहून तुळजापूर रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा. हिप्परग्याच्या तलावापासून घाटापर्यंत हॉटेलं, ढाबे, टपऱ्या आहेत. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तिकडेही तेच. या रस्त्यांवर पाठीवर तीन लिटर घेऊन जाणारा माणूस तीन किलोचं ओझं विनाकारण चढणीला ओढत असतो.

गणित बदलतं ते डांबर सोडल्यावर. नान्नजकडची माळरानं, शिवारातल्या पाणंदी, उजनीच्या कालव्याकडेचे कच्चे रस्ते. इथे दहा-बारा किलोमीटर म्हणजे अर्धा तास, असं धरू नका. खडी, मुरूम, वाळलेली ढेकळं यांतून वेग निम्म्यावर येतो. त्यात वेड्या बाभळीचा काटा. एक पंक्चर म्हणजे उन्हात वीस मिनिटं, आणि काटे जोडीनेच भेटतात. वस्तीवर पाणी मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण मोटर बंद असेल आणि रांजण तळाला गेला असेल तर त्यांच्याकडेच नसतं. वस्तीचं पाणी हिशेबात धरू नका, मिळालं तर वरकड समजा. (नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आत सायकल घालू नका, गावाकडचे सार्वजनिक रस्तेच धरा.)

सूत्र सोपं आहे:

तासाला लागणारं पाणी × बिनपाण्याच्या पट्ट्याचे तास + अर्धा लिटर राखीव

८०० मिली गुणिले दोन तास म्हणजे १.६ लिटर. राखीव धरून २.१. याचा अर्थ दोन लिटरचा ब्लॅडर आणि सायकलच्या फ्रेमवर एक छोटी बाटली. तीन लिटरचा ब्लॅडर लागणारी माणसं असतात, पण सोलापूरच्या आसपासच्या सकाळच्या राइडला ती थोडी. तासाला दीड लिटर घाम गाळणारा किंवा तीन तास शिवारात राहणारा, एवढेच.

इशारा: कालव्याचं पाणी गाळून पिऊ, हा बेत सोडून द्या. शेतातली फवारणी आणि खतं पावसाबरोबर, पाटाबरोबर तिथे येतात. खिशातल्या फिल्टरने गाळ आणि बरेचसे जंतू अडतील, विरघळलेलं रसायन अडेलच असं नाही.

## टप्पा ३ : बॅग हवीच का?

बॅग पाठीचा घाम वाळू देत नाही. घाम वाळतो तेव्हाच अंग गार होतं. पाठीचा मोठा भाग झाकला की तेवढा थंडावा गेला. म्हणून पक्क्या रस्त्यावरच्या दोन तासांपर्यंतच्या राइडला फ्रेमवरच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या बॅगेपेक्षा सरस. वजन सायकलवर, पाठ मोकळी, धुवायला सोपं.

बॅग घ्या ती अशा वेळी:

- फ्रेम लहान आहे किंवा मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा भाग, आडवा येतो, त्यामुळे एकच बाटली बसते.
- कच्च्या रस्त्यावर हँडलवरचा हात काढून बाटली उपसणं धोक्याचं ठरतं.
- बाटलीच्या तोंडावर धूळ आणि शेण बसतं. पावसाळ्यानंतर पाणंदीतून एकदा जाऊन आलेली बाटली पाहा, तोंडाला लावावीशी वाटणार नाही.
- हिशेबात दीड लिटरपेक्षा जास्त पाणी येतं.

यांपैकी एकही लागू होत नसेल तर इथेच थांबा, आणि फ्रेमवर बाटली अडकवायचे चांगले बॉटल-केज घ्या.

## टप्पा ४ : ब्लॅडर निवडा (बॅगेच्या आधी)

बॅगेच्या रंगावर आणि कप्प्यांवर लोक अर्धा तास घालवतात आणि ब्लॅडर कसला आहे ते उघडून बघतही नाहीत. रोज हाताळायची वस्तू तीच आहे. काही बॅगांबरोबर तर ब्लॅडर येतच नाही. ‘ब्लॅडरसह’ आणि ‘ब्लॅडरसाठी जागा’ या दोन वाक्यांतला फरक पाकिटावर वाचा. ‘१० लिटर’ हा आकडाही बहुधा सामानाच्या जागेचा असतो, पाण्याचा नव्हे.

तोंड. दोन प्रकार. एकात मोठं फिरकीचं झाकण, दुसऱ्यात वरची अख्खी कड उघडते, ती दुमडायची आणि वरून पट्टी सरकवायची. फिरकीच्या झाकणाला बहुधा कडक मूठ असते, एका हाताने नळाखाली किंवा माठाखाली धरता येतं. पण आत मूठभर हात जात नाही, धुताना ब्रश लागतो. दुमडायचं तोंड पूर्ण उघडतं, आत हात घालून घासता येतं, वाळतं लवकर, बर्फाचे खडे सहज जातात. त्याची अडचण भरताना. पिशवी लुळी पडते, तांब्याने ओतायला दुसरं माणूस लागतं. एकटे फिरत असाल तर फिरकी, धुण्याचा कंटाळा असेल तर दुमडायचं. आमचा कौल दुमडायच्या तोंडाला, कारण ब्लॅडर खराब होतात ते न धुतल्यामुळे, भरण्यामुळे नाही.

फिरकीचं झाकण वाकडं बसतं ही नेहमीची चूक. आधी उलटं फिरवा, आटे जुळल्याचा बारीकसा ‘टक्’ जाणवतो, मग घट्ट करा. झाकणातल्या रबरी कडीला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका.

कापड. टीपीयू आणि पेव्हा हे प्लॅस्टिकचे दोन प्रकार. टीपीयूचा ब्लॅडर पेव्हाच्या ब्लॅडरपेक्षा सहसा लवचीक आणि टिकाऊ असतो, प्लॅस्टिकची चवही कमी. बीपीए, म्हणजे काही प्लॅस्टिकमध्ये असणारं एक अपायकारक मानलेलं रसायन, त्यात नसल्याचं पाकिटावर लिहिलेलं असावं. दुकानात झाकण उघडून वास घ्या. नव्या वस्तूचा हलका वास धुतल्यावर जातो, नाकात झोंबणारा सहसा जात नाही.

नळीचा जोड. नळी बटण दाबून ब्लॅडरपासून सुटली पाहिजे आणि सुटल्यावर पाणी आपोआप अडलं पाहिजे. असा जोड नसेल तर दर वेळी पाणी भरताना अख्खी नळी बॅगेतून ओढून काढावी लागते, मग आळस होतो, मग ब्लॅडर न काढताच वरून पाणी ओतलं जातं. बुरशीचा उगम तिथेच.

बाइट व्हॉल्व्ह. सिलिकॉनच्या टोकाला बारीक चीर असते. दाताने हलके दाबलं की ती उघडते, सोडलं की मिटते. तिच्या मागे बंद करायचं कुलूप हवंच. कुलूप नसेल तर गाडीच्या डिकीत बॅगेवर दुसरी बॅग पडते, टोक दाबलं जातं आणि पोचेपर्यंत डिकीत तळं. टोकावर टोपण असेल तर उत्तम. नुसतं टोक सुटं विकत मिळतं का, तेही विचारून घ्या. सगळ्यात आधी तेच झिजतं.

मधली पट्टी आणि हूक. काही ब्लॅडर मधोमध चिकटवलेले असतात, त्यामुळे फुगून माठासारखे गोल होत नाहीत, पाठीला सपाट बसतात. वर टांगायची कडी आणि बॅगेत त्यासाठी हूक आहे ना ते पाहा. हूक नसला की पाणी निम्मं झाल्यावर ब्लॅडर खाली बसतो, नळी मुडपते, आणि तुम्हाला वाटतं पाणी संपलं.

गळतीची चाचणी: घेतलेला ब्लॅडर भरा, बंद करा, वर्तमानपत्रावर आडवा ठेवून तळहाताने मिनिटभर दाबा. मग उलटा टांगून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा. ओल झाकणाखाली असेल तर झाकण नीट बसलेलं नाही. शिवणीखाली असेल तर ब्लॅडर परत करा. ही चाचणी बॅगेत घालून करू नका, ओल कुठून आली ते कळत नाही.

## टप्पा ५ : पाठीचं माप

मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड ठळक वर येतं. तिथे टेपचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर अंगठे टेकले की त्यांना जोडणारी रेषा म्हणजे टेपचं दुसरं टोक. पाठीच्या वळणावरून टेप सोडत घेतलेलं हे अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी सारख्या नसतात.

मोठ्या बॅगांवर पाठीच्या मापाचा तक्ता असतो. सायकलच्या लहान बॅगा बहुधा एकाच मापात येतात, तिथे बॅगेची उंचीच मोजा. ती तुमच्या पाठीपेक्षा लांब असेल तर बॅग घेऊ नका. लांब बॅग वरून हेल्मेटला लागते, खालून सीटला. बायकांसाठी वेगळ्या बेतलेल्या पट्ट्यांच्या बॅगाही मिळतात. साध्या सरळ पट्ट्या छातीवर किंवा काखेत काचत असतील तर त्या घालून पाहाव्यात.

## टप्पा ६ : आता बॅग

चार जाती आहेत. नुसता ब्लॅडर आणि खिसाभर जागा असलेली सपाट बॅग दोन तासांसाठी. सहा ते दहा लिटर सामानाच्या जागेची बॅग बहुतेकांसाठी. अंगालगत बसणारं जाकीट, म्हणजे व्हेस्ट, हलकं असतं पण छातीही झाकतं, आपल्या उन्हाळ्यात गुदमरल्यासारखं होतं. आणि कमरेची बॅग, साधारण दीड लिटर पाण्याची. पाठ पूर्ण मोकळी, वजन खाली, उतारावर तोल छान राहतो. पण पट्टा सैल असला तर घसरते आणि घट्ट केला तर पोटावर काचते. पोटाचा घेर जास्त असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पंधरा लिटरची बॅग ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून घेऊ नका. रिकामी जागा दिसली की ती भरतेच. टॉवेलवर मांडलेलं सामान पुन्हा पाहा. दोन ट्यूब, ठिगळं, टायर लिव्हर, काटे उपसायला चिमटा, मल्टिटूल, छोटा पंप, ओआरएसच्या दोन पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, मोबाइल. हे आठ लिटरमध्ये आरामात बसतं.

वजनाचा ताळा असा करा. दोन लिटर पाणी २ किलो, रिकामी बॅग साधारण ०.५ ते ०.९ किलो, सामान १ ते १.५ किलो. चार किलोच्या वर गेलात तर सामान सायकलच्या फ्रेमवर हलवा, पाणी कमी करू नका.

बॅगेत हे पाहा:

- ब्लॅडरचा कप्पा सामानापासून वेगळा, पाठीच्या बाजूला. पाठ आणि ब्लॅडर यांच्यात जाडसर स्तर हवा, नाहीतर अंगाच्या उष्णतेने पाणी कोमट होतं.
- पाठीला उभ्या खाचा असलेला फोम. ताणलेल्या जाळीची पाठ हवेशीर असते, पण वजन पाठीपासून दूर जातं आणि खडबडीत उतारावर बॅग मागे ओढते.
- कमरेचा पट्टा. दीड लिटर पाण्याच्या वर तो हवाच.
- छातीचा पट्टा वरखाली सरकणारा.
- फिका रंग. काळी बॅग उन्हात तापते, पाणीही तापवते.

## टप्पा ७ : घालून पाहा, पण उभं राहून नव्हे

आरशासमोर ताठ उभं राहून बॅग पाहणं निरुपयोगी आहे. सायकलवर तुम्ही वाकलेले असता आणि वाकल्यावर सगळं बदलतं. बॅगेत दोन लिटर पाणी घाला, किंवा टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या मिठाच्या दोन पुड्या. हेल्मेट घाला. सायकलवर बसा, कोणाला तरी हँडल धरायला सांगा.

पट्ट्यांचा क्रम: सगळ्या सैल सोडा. आधी कमरेचा पट्टा, कमरेच्या हाडांवर. मग खांद्याच्या पट्ट्या, बॅग पाठीला टेकेल एवढ्याच. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली चार-पाच सेंटीमीटरवर. बहुतेक जण खांद्यापासून सुरुवात करतात. मग सगळं वजन खांद्यावर येतं, कमरेचा पट्टा नावालाच उरतो.

१. वाकून हँडल धरा. वजन पाठीवर पसरलं पाहिजे, मानेकडे घसरता कामा नये.
२. मान वर करून वीस मीटर पुढे पाहा. हेल्मेट बॅगेला लागलं तर ही बॅग तुमची नव्हे.
३. पेडलवर उभे राहा, सायकल डावी-उजवी हलवा. बॅग अंगाबरोबर हलावी, मागून धक्का देऊ नये.
४. ढुंगण सीटच्या मागे न्या, तीव्र उतारावर नेतो तसं. बॅगेचा तळ सीटवर आपटतो का?
५. उजव्या खांद्यावरून मागे पाहा. हायवेवर मागून येणारा ट्रक दिसला पाहिजे.
६. खोल श्वास घ्या. छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत.
७. नजर रस्त्यावर ठेवून एका हाताने नळी तोंडाला लावा आणि परत जागेवर अडकवा. नळी शोधावी लागत असेल तर दुसऱ्या बाजूने फिरवा. पुढचा ब्रेक ज्या हातात आहे तो हात शक्यतो मोकळा राहावा.

दुकानदाराला हे सगळं विचित्र वाटेल. वाटू द्या, दहा मिनिटांचं काम आहे.

इशारा: नळी लांब वाटली म्हणून लगेच कापू नका. तीन-चार राइड होऊ द्या. मग बाइट व्हॉल्व्ह काढून त्या टोकाने एका वेळी दोनच सेंटीमीटर कापा. जास्त कापली गेली तर नवी नळी आणावी लागते.

## टप्पा ८ : भरण्याचा आणि रचण्याचा क्रम

नवा ब्लॅडर आधी धुवा. एका लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, नळीतही ते पाणी ओढून घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी तीन-चार वेळा खळबळून काढा. उकळतं पाणी घालू नका, जोड सैल होतात.

मग क्रमाने:

१. प्यायचं, गाळलेलं पाणी भरा. बोअरचं जड पाणी भरलं तर नळीत आणि झडपेत पांढरा क्षार बसतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवणीचं वापरावं लागतं. ते भांडं झाकलेलं आणि स्वच्छ असू द्या.
२. बंद करा. ब्लॅडर उलटा धरा, म्हणजे नळीचा जोड वर आणि झाकण खाली. आतली हवा जोडापाशी गोळा होते. आता नळीने ओढा. आधी हवा येईल, मग पाणी. पाणी आलं की थांबा. डचमळतं ते हवेमुळे. एवढं केलं की चालताना आवाजसुद्धा येत नाही.
३. ब्लॅडर रिकाम्या बॅगेत घालून हुकाला टांगा. सामान नंतर. आधी सामान भरलं तर फुगलेला ब्लॅडर आत जात नाही, आणि रेटून घातला की झाकण सरकतं.
४. जड सामान पाठीलगत, मध्यावर. पण पंप, मल्टिटूल यांसारखं कडक काही मणक्यावर येऊ देऊ नका. पाठीवर पडलात तर तेच रुततं. पंप फ्रेमवर, टूल सीटखालच्या पिशवीत.

ब्लॅडरमध्ये फक्त पाणी. सरबत, ओआरएस, इलेक्ट्रॉलची जागा फ्रेमवरच्या बाटलीत. साखर नळीत राहिली की आपल्या हवेत एका दिवसात बुळबुळीत थर धरतो. ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्यातच घाला. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये ओतली म्हणजे ताकद दुप्पट होत नाही, मळमळ होते. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उन्हाळ्यात तिसरा हिस्सा बर्फाचे खडे घाला. आणि घोट घेतल्यावर नळीत उरलेलं पाणी हलकी फुंकर मारून ब्लॅडरमध्ये परत ढकला. नळी उन्हात असते. हे केलं नाही तर पुढचा पहिला घोट चहासारखा गरम लागतो, आणि तो नको म्हणून माणूस प्यायचंच टाळतो.

## टप्पा ९ : दहा किलोमीटरची रंगीत तालीम

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. विजापूर रोड, होटगी रोड, जिथे सोयीचं असेल तिथे दहा किलोमीटर, त्यातले दोन तरी कच्च्या रस्त्याचे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. बॅगेत पाणी दिसत नसल्यामुळे एकतर माणूस तासाभरात संपवतो, नाहीतर भरलेलं परत आणतो. परतल्यावर उरलेलं पाणी मोजा आणि पहिल्या टप्प्यातल्या आकड्याशी ताडून पाहा.

जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा कुठे उमटल्या तेही पाहा. काखेजवळ किंवा मानेशी लाल घासल्याची खूण असेल तर तिथली पट्टी घट्ट नाही, सैल आहे. घासते ती हलणारी पट्टी.

थांबलात तर बॅग बाभळीखाली जमिनीवर टेकवू नका, हँडलला अडकवा. सावली पाहून तिथेच ठेवली जाते, आणि वाळलेला काटा बॅगेच्या तळातून थेट ब्लॅडरमध्ये जातो. कळतं ते मागची चड्डी ओली लागल्यावर.

इशारा: एप्रिल-मे महिन्यांत उजाडताच निघा, नऊच्या आत घरी या. बॅगेत पाणी आहे म्हणून दुपारचं ऊन सोसेल असं नाही. अंग तापलं, बोलणं अडखळायला लागलं, ओकारी झाली तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. बेशुद्ध किंवा भ्रमलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

## टप्पा १० : त्याच दिवशी धुणं

राइडनंतर ब्लॅडर बॅगेतच राहिला तर दोन दिवसांत वास, आठवड्यात काळे ठिपके. घरी आल्या आल्या पाणी ओता, कोमट पाण्याने खळबळा, बाइट व्हॉल्व्ह ओढून काढा. चिरेत मुरुमाची लाल पूड अडकलेली असते. ती बोटाने उघडून नळाखाली धरा. दर तीन-चार राइडनंतर सोड्याचं पाणी अर्धा तास, आणि नळीतून लांब बारीक ब्रश. ब्रश नसेल तर जाड दोऱ्याला कापडाची लहान गाठ बांधून नळीतून ओढा. गाठ नळीत घासत गेली पाहिजे, पण अडकता कामा नये.

वाळवताना ब्लॅडर आतून चिकटतो, तिथेच ओल राहते. त्याच्या तोंडातून घरातली लहान रवी घाला. फुलाच्या पाकळ्या भिंती अलग धरतात. दांडा खाली, तोंड खाली, सावलीत टांगा. उन्हात नको, प्लॅस्टिक कडक होतं. नळी वेगळी, दोन्ही टोकं मोकळी. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात. तेवढी सवड नसेल तर निथळून, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे बुरशी धरत नाही. बॅगेच्या पट्ट्यांतलं मीठ साध्या पाण्याने धुऊन काढा, मशीनमध्ये टाकू नका.

नळीत आतून काळे ठिपके आले आणि ब्रशने गेले नाहीत तर फक्त नळी बदला. टोकाची चीर मिटत नसेल आणि थेंब गळत असेल तर फक्त बाइट व्हॉल्व्ह. ब्लॅडरची शिवण पांढुरकी पडून कडक झाली, किंवा धुऊनही वास राहिला, तर ब्लॅडर बदला. काट्याने पडलेलं भोक टीपीयूच्या चिकटपट्टीने त्या दिवसापुरतं बुजतं. आधी जागा कोरडी करा, पट्टी बाहेरून लावा, आणि घरी येईपर्यंत ब्लॅडर निम्माच भरा.